तात्यारावांच्या आवाजाचं पॅकेज

दीक्षा खोब्रागडे घरातून निघताना गॅस बघते, कुलूप लावते, ते ओढून बघते आणि जिना उतरून गेल्यावर पुन्हा वर येऊन ओढून बघते. कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिच्याबरोबर राहणारी उत्कर्षा म्हणते, "तुझ्यामुळे आपल्याकडे चोर यायचा नाही. त्याला वाटेल, इथं कोणीतरी सारखं जिन्यातच असतं." दीक्षा यावर हसते आणि गाडीची किल्ली पर्समध्ये आहे ना, ते चाचपते.

अशा स्वभावाच्या माणसाला लोक कंटाळतात. पण एक जागा अशी आहे, जिथं दीक्षाशिवाय पान हलत नाही. बस चालवण्याचा एक कॉम्प्युटर गेम आहे. मुळात तो परदेशी. त्यातले रस्ते रुंद, सिग्नलला गाड्या आपण होऊन थांबतात, पुण्याच्या माणसाला सगळंच परकं वाटावं असं. म्हणून इथल्या हौशी मंडळींनी त्या गेममध्ये घालायला आपल्या गावच्या वस्तू बनवायला घेतल्या. त्यांना ते मॉड म्हणतात. शनिवार पेठेतला साई रस्ते बनवतो. विक्रम बस बनवतो, आणि इतक्या हुबेहूब की सीटचं फाटलेलं रेक्झिनही सोडत नाही. दीक्षा काहीच बनवत नाही. ती सगळ्यांचं गोळा करते, नीट लावते, एका झिप फाईलमध्ये बांधते आणि ते लोकांच्या कॉम्प्युटरवर सुखरूप उतरेल याची काळजी वाहते. ग्रुपवर तिला पॅकिंगवाली ताई म्हणतात. आठवडाभर एका कंपनीत ती लोकांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी ऐकते आणि सुट्टीच्या दिवशी तेच काम हौसेनं करते. काही माणसांना सुट्टी पचतच नाही.

हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. एक फोल्डर दुसऱ्याच्या पोटात गेला तर बस रस्त्यावर येतच नाही. एखादी फाईल भलत्या जागी पडली तर बस येते, पण तिला चाकं नसतात. म्हणून दीक्षा प्रत्येक पॅकेजबरोबर मराठीत सूचना लिहिते. "आधी गेम बंद करा. म्हणजे खरोखर बंद करा, खाली सरकवून ठेवू नका." "झिप उघडल्यावर आत आणखी एक फोल्डर दिसेल. तो उचला. बाहेरचा उचलणारे नंतर मला फोन करतात." लोक या सूचना वाचून हसतात आणि तरीही बाहेरचाच उचलतात.

खरं तर त्या सूचना तिनं लोकांसाठी लिहिलेल्याच नाहीत. त्या तिच्या आईसाठी आहेत.

आई, म्हणजे कौशल्याबाई, कात्रजला राहतात. साठी उलटल्यावर गुडघ्यांनी त्यांना शिलाई मशीन सोडायला लावलं, तेव्हा दीक्षानं आपला जुना कॉम्प्युटर तिकडे नेऊन ठेवला. नागपूरच्या नातवंडांशी व्हिडिओवर बोलता यावं, एवढाच हेतू होता. नातवंडं दोन मिनिटांत कंटाळली. कौशल्याबाईंनी मग त्यात पडून असलेला बसचा गेम उघडला, आणि महिनाभरात त्या भल्या मोठ्या बसला वळणं घालू लागल्या. त्यांचे यजमान तात्याराव शहर बसवर कंडक्टर होते, जन्मभर कात्रज ते शनिवारवाडा. "तुमच्या बसमध्ये मला कधी धड बसायला जागा मिळाली नाही," त्या म्हणाल्या, "आता मीच चालवते. तुम्ही तिकिटं फाडा."

तेव्हापासून तात्याराव शेजारी खुर्ची टाकून बसतात. हातात स्टीलचा पेला आणि चमचा. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे सुटा. जिवंत माणूस शेजारी बसून बेल देतोय म्हटल्यावर कौशल्याबाई डबल बेलशिवाय गाडी हलवत नाहीत. पडद्यावरच्या गाड्यांनी मागून कितीही हॉर्न मारू देत.

गेले काही महिने तात्यारावांचा आवाज बसला होता. आधी वाटलं, वयाप्रमाणे होत असेल. मग दीक्षा त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी बापलेकीला समोर बसवून सांगितलं की, घशात कर्करोग आहे. वेळेत सापडलाय, माणूस वाचेल, पण आवाजाची पेटी काढावी लागेल. तात्यारावांनी डॉक्टरांचे आभार मानले. बाहेर आल्यावर बाकावर बसले आणि एकच बोलले, "तुझ्या आईला काय सांगायचं?"

कौशल्याबाईंचा रक्तदाब मागच्या वर्षी एवढा चढला होता की, स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या होत्या. त्यामुळे दोघांनी ठरवलं, नागपूरहून थोरला प्रज्ञेश आला की तिघांनी मिळून सांगायचं. तोवर घशात साधी गाठ आहे, काढली की मोकळं, एवढंच. कौशल्याबाईंनी त्यावर हळदीचं दूध आणि मिठाच्या गुळण्या सुरू केल्या. तात्याराव निमूटपणे दूध पीत होते, गुळण्या करत होते.

कुलूप तीनदा ओढून बघता येतं, पण वडिलांचा आवाज जाणार आहे, तो कुठं ओढून बघायचा? दीक्षाला एकच सुचलं. ती बाबांना म्हणाली, "नव्या मॉडला कंडक्टरचा आवाज हवाय. तुम्ही द्याल का?" तात्यारावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मॉडला नेमकं काय हवंय ते त्यांना कळलं असावं. "देतो की," म्हणाले.

एका रविवारी सकाळी कौशल्याबाई विहारात वंदनेला गेल्या असताना दोघं रेकॉर्डिंगला बसली. तात्यारावांनी शर्ट बदलला. मोबाईलसमोर शर्ट बदलून काय उपयोग, हे दीक्षानं विचारलं नाही. मग त्या खरखरीत आवाजात त्यांनी सगळा मार्ग म्हटला. कात्रज, बालाजीनगर, पद्मावती, स्वारगेट, शनिवारवाडा. त्यानंतर कंडक्टरचा बाकीचा माल आला. "पुढं सरका, पुढं बाग आहे." "सुट्टे काढा." "दार तुमच्या मामाचं आहे का? आत या." दीक्षा हसत होती आणि हसता हसता तिचे डोळे भरून येत होते.

इथंच घात झाला. गेमची रीत अशी की, थांब्यांची नावं ठरल्या थांब्यावर वाजतात. पण "गर्दी" नावाच्या फोल्डरमध्ये जे जे पडलेलं असेल, त्यातलं काहीही तो मधल्या वाटेत स्वतःच्या लहरीनं वाजवतो. म्हणून कोणतंही पॅकेज सोडण्याआधी दीक्षा तीन गोष्टी करते. ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडते, स्वतःच्या सूचनांप्रमाणे बसवते, आणि हेडफोन लावून सगळा मार्ग स्वतः चालवते. या वेळी पहिल्या दोन झाल्या. तिसरीसाठी तिनं हेडफोन लावला, कानात "कात्रज, चला कात्रज" वाजलं, आणि तिला पुढं ऐकवेना. हेडफोन काढून ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःशी म्हणाली, बरोबरच असेल.

शनिवारी सकाळी पॅकेज सुटलं. दुपारी जेवताना साईचा मेसेज आला. "ताई, पद्मावती सोडल्यावर एक माणूस ऑपरेशनबद्दल बोलतो. मध्येच तुझ्यासारखा आवाजपण येतो. हे मुद्दाम आहे का?"

दीक्षाचा घास हातातच राहिला. तिनं ताट बाजूला सारून फोल्डर उघडला. सगळ्या छोट्या फायलींच्या खाली एक मोठी फाईल होती. थांबे म्हणून झाल्यावर मोबाईल बंद करायचा राहून गेला होता, ती. बाकीच्यांबरोबर तीही इथं येऊन पडली होती. तिनं मधून थोडंसं लावलं. तात्याराव म्हणत होते, "पेटीच काढायची म्हटल्यावर संपलंच ना. आणि ती विचारते, किती दिवसांनी बोलायला लागाल. मी म्हणतो, आठ." मग दीक्षाचाच आवाज, "दादा येईपर्यंत गाठच म्हणा, बाबा." तिनं झटकन बंद केलं.

जगानं ऐकलं याचं तिला काही वाटलं नाही. जगाला काय पडलंय? विक्रमनं तर ग्रुपवर लिहिलंसुद्धा, "पुण्याच्या बसमध्ये लोक दुखण्यांबद्दलच बोलतात. मला तर फार खरं वाटलं. राहू दे." प्रश्न जगाचा नव्हताच. प्रश्न कात्रजच्या एका कॉम्प्युटरचा होता.

नवं पॅकेज आलं की कौशल्याबाई ते त्याच दिवशी बसवतात, आणि बसवताना प्रत्येक पायरीला दीक्षाला फोन करतात. "आतला फोल्डर म्हणजे पिवळाच ना?" "बदलू का असं विचारतोय, हो म्हणू?" आज एकही फोन आला नव्हता. दीक्षाला वाटलं, म्हणजे अजून बसवलं नसेल. मग तिनं मेसेज पाहिले. अकराच्या सुमारास आईचा एकच शब्द येऊन पडला होता. "झालं."

काय झालं? बसवून झालं? की ऐकून झालं? एरवी कौशल्याबाई मेसेजमागे फुलं पाठवतात, हात जोडतात, पिवळे हसरे चेहरे टाकतात. आज फूल नव्हतं. दीक्षानं फोन लावला. वाजत राहिला. बाबांना लावला. तो बंद.

तिच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातली फरशी आली आणि तिच्यावर पडलेली आई आली. तिनं ग्रुपवरचं पॅकेज काढून टाकलं, ती फाईल वगळून नवं बांधलं, आणि पाठवायच्या आधी तिच्या लक्षात आलं की, याचा काडीचाही उपयोग नाही. नवं पॅकेज जुन्यावर घातलं की त्याच नावाच्या फायली बदलतात. जी फाईल नव्यात नाहीच, ती जुनी तिथंच बसून राहते. लोकांना ती हे शंभरदा सांगत आली होती. मग तिनं त्याच नावाची, तेवढ्याच लांबीची एक मुकी फाईल केली आणि पॅकेजमध्ये घातली. हे ज्यानं बसवलं, त्याच्याकडे त्या बोलण्याच्या जागी शांतता वाजणार होती. ते तिनं ग्रुपवर टाकलं, पेनड्राइव्हवर घेतलं आणि निघाली. गॅस बघितला नाही. कुलूपही एकदाच लावलं. उत्कर्षानं दारातून विचारलं, "काय झालं गं?" तोवर ती जिना उतरलीही होती.

शनिवारची दुपार, रस्त्यावर जो तो खरेदीला निघालेला. दांडेकर पुलाशी तिनं पुन्हा फोन लावून पाहिला. कोणी उचलला नाही. स्वारगेट आलं, आणि कानात आपोआप बाबांचा आवाज वाजला, स्वारगेट, स्वारगेटवाले दाराशी या. पुढं तोच मार्ग होता, उलटा. पद्मावतीला सिग्नलवर ती मनात हिशेब करत होती. गेम काय वाजवेल ते त्याच्या मनावर. कदाचित ती फाईल लागलीच नसेल. कदाचित आईनं गाडी अजून कात्रजच्या बाहेरच काढली नसेल. आई प्रत्येक थांब्यावर सावकाश थांबते, म्हातारी माणसं चढली का ते बघते. बालाजीनगरला तिला वाटलं, आपण आईला सगळं आधीच सांगायला हवं होतं. बाबांनाही फसवायला लावलं आणि आईलाही फसवलं. कात्रजला पोहोचेपर्यंत ती स्वतःला शिव्या घालत होती.

दार उघडंच होतं. आतून इंजिनाची घरघर येत होती. कौशल्याबाई कॉम्प्युटरपुढं बसून बस चालवत होत्या, शेजारी तात्याराव पेला घेऊन. आईचे डोळे जरा सुजलेले वाटले, की तिलाच तसं वाटलं, काय माहीत.

"फोन का उचलत नाही तुम्ही?" दीक्षा म्हणाली.

"गाडी चालवताना फोनवर बोलू नये," कौशल्याबाई म्हणाल्या. मान वळवली नाही.

"माझा चार्जिंगला आहे," तात्याराव खरखरले. "ऐकलंस का? माझा आवाज काय झकास आलाय. ही सकाळपासून एकटीच चालवत होती. मी भाजी घेऊन आलो तेव्हा कुठं मला घेतलं."

सकाळपासून एकटीच. दीक्षा कॉम्प्युटरपाशी गेली. "आई, जरा गेम बंद कर. पॅकेजमध्ये एक चूक राहिलीय, नवं घालते."

"स्वारगेटपर्यंत जाऊ दे. माणसं बसलीत आत."

दीक्षा त्यांच्या मागे उभी राहिली. बस पद्मावतीला थांबली. पेल्यावर दोन टोले पडले, बस सुटली. आता लागणार, तिला वाटलं. स्पीकरमधून आवाज आला, "दार तुमच्या मामाचं आहे का? आत या." तात्याराव खूश होऊन हसले आणि हसता हसता खोकले. पुन्हा आवाज आला, "सुट्टे काढा." प्रत्येक वेळी स्पीकर खरखरला की दीक्षा डोळे मिटून घ्यायची. स्वारगेट आलं, एक टोला पडला, बस थांबली. ती फाईल काही लागली नव्हती.

"गुळण्यांची वेळ झाली," कौशल्याबाई तात्यारावांना म्हणाल्या. "पाणी कोमट करून ठेवलंय. मीठ घातलंय. जा."

तात्याराव उठून न्हाणीघरात गेले. दार लागताच दीक्षानं माऊस जवळजवळ हिसकावूनच घेतला, गेम बंद केला, फोल्डर उघडला. "गर्दी"त सगळ्या फायली होत्या. ती मोठी तेवढी नव्हती. तिनं खालून वर पाहिलं, वरून खाली पाहिलं.

"ती काढली मी," कौशल्याबाई हळूच म्हणाल्या.

दीक्षाला त्यांच्याकडे बघवेना.

"हे भाजीला गेल्यावर मी पहिली फेरी काढली. पद्मावतीला लागली. म्हटलं, आता हे येतील आणि यांच्या पुढ्यात पुन्हा लागेल. मग सगळ्या फायली एकेक करून लावल्या, कुठली ती सापडेपर्यंत. तूच लिहिलंयस ना, नको असलेली फाईल काढता येते, आधी गेम खरोखर बंद करा." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "सूचना चांगल्या लिहितेस तू. तुला फोन करावा लागला नाही."

"आई, मी..."

"काही बोलू नकोस. पाणी संपलं की ते बाहेर येतील." न्हाणीघरातून गुळण्यांचा आवाज येत होता. त्या गुळण्यांनी काहीही होणार नाही, हे घरातल्या तिन्ही माणसांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकालाच वाटत होतं की आपण ते लपवलंय. "प्रज्ञेश आला की तुम्ही तिघं मला सांगा. मी ऐकेन. काय रडायचं ते तेव्हाच रडेन, त्यांच्यासमोर. आत्ता त्यांना कळू देऊ नकोस. मला त्रास होऊ नये म्हणून धडपडतायत, तेवढं तरी त्यांना करू दे."

दीक्षानं मान हलवली. तिच्या हातात पेनड्राइव्ह होता. तिला एवढंच सुचलं, "मी नवं बसवून देते. त्यात त्या फाईलच्या जागी नुसती शांतता आहे. जुनी कुठं राहिली असेल तर तीही जाईल."

"नको," कौशल्याबाई म्हणाल्या. "मी ती काढली, पण टाकली नाही. माझ्या शिवणाच्या डिझाईनच्या फोल्डरमध्ये ठेवलीय. ते तिथं कधी बघत नाहीत." त्यांनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. "तू शेवटपर्यंत ऐकलीस का?"

"नाही. मला ऐकवलं नाही."

"शेवटी मी विहारातून आले ते आहे. दार वाजतं. मग हे म्हणतात, कौशल्ये, सावकाश ये, फरशी ओली आहे." त्यांचा आवाज तिथं फुटला, पण त्यांनी तो सावरला. "बाकी सगळ्या फायलींत ते पॅसेंजरांशी बोलतात, दीक्षा. एवढ्या एकीत माझ्याशी बोललेत."

गुळण्या थांबल्या. नळ बंद झाल्याचा आवाज आला. दीक्षानं पेनड्राइव्ह मुठीत घट्ट धरला, मग पर्समध्ये टाकला. कौशल्याबाईंनी गेम पुन्हा सुरू केला आणि बस स्वारगेटच्या थांब्यावर आणून उभी केली. तात्याराव टॉवेलनं तोंड पुसत आले आणि आपल्या खुर्चीत बसले.

"काय खुसपुसत होता?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या लेकीच्या मॉडमध्ये चूक होती. दुरुस्त झाली," कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांचा हात कळीवर होता, पण त्यांनी ती दाबली नाही. पडद्यावर मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या. "सुटायचं का?"

तात्यारावांनी काही बोलायला तोंड उघडलं. घसा नुसताच खरवडला गेला, शब्द आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग त्यांनी चमचा उचलला आणि पेल्यावर दोनदा वाजवला, आणि कौशल्याबाईंनी बस सोडली.